विल्मा गेली, झिया आली

प्रत्येक सोसायटीत एक होमिओपॅथीवाला असतो, एक शेअरबाजारवाला असतो आणि एक लिनक्सवाला असतो. पहिल्या दोघांचं एक बरं असतं. ते निदान आपलं काहीतरी दुखायची वाट बघतात. लिनक्सवाला धडधाकट कॉम्प्युटरही सोडत नाही.

ओळखायची खूण म्हणजे त्याच्या किल्ल्यांचा जुडगा. घराची किल्ली, स्कूटरची किल्ली आणि पेनड्राइव्ह. हा पेनड्राइव्ह गाणी न्यायला नसतो, त्यात एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम मुक्कामाला असते. कुणाकडे चहाला गेला की त्याची नजर पोह्यांच्या बशीवरून टेबलाखालच्या सीपीयूकडे घसरते आणि "रॅम किती आहे हो?" हे तो "मुलगी कितवीत आहे?"च्या आपुलकीने विचारतो. 2004 साली उबुंटू नावाचं लिनक्स निघालं, त्यानंतर काही वर्षं मागेल त्याला जगभर त्याची सीडी टपालाने फुकट यायची. 2011मध्ये हे सीडी पाठवणं बंद झालं. त्यातली एक सीडी याच्याकडे पाकिटासकट आहे. लग्नाचा अल्बम कुठे ठेवलाय हे त्याला बायकोला विचारावं लागतं, सीडी कुठल्या खणात आहे हे तो झोपेतही सांगेल.

2025चे गणपती नुकतेच गेले होते. लिफ्टमध्ये तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "व्हर्जिनियाला सोडलं रे केव्हाच. विल्मा बरी होती, पण सहा महिन्यांत कंटाळा आला. मग झिया आणली. आता म्हणे झारा आलीय, ती झियापेक्षा सरस आहे. बघू, दिवाळीत काढतो हिला." चौथ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या आणि गुडघे दुखत असतानाही जिन्याने वर गेल्या. खुलासा असा की लिनक्स मिंट नावाच्या प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात आणि ते आकारान्तच असतं. उबुंटूला प्राण्यांची नावं, डेबियनला 'टॉय स्टोरी'तली पात्रं. काकूंना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या बायकोला ठाऊक आहे. ती म्हणते, "खरीच कुणी असती तर घरी बोलावून दोन शब्द सुनावले असते. हिला काय सुनावू?"

इतक्या प्रणाली कशाला, असं त्याला विचारू नये. कारण मग पुराण लागतं. 1991, हेलसिंकी, एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स, छंद म्हणून लिहिलेला कर्नल. त्याच्याही आधी, 1983मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेला 'ग्नू' प्रकल्प. म्हणून नुसतं 'लिनक्स' म्हणायचं नाही, 'ग्नू-लिनक्स' म्हणायचं. एवढं झाल्यावर डाळ येते. "कर्नल म्हणजे तूरडाळ. ती सगळीकडे तीच. कुणी गोडा मसाला घालून आमटी करतो, कुणी सांबार, कुणी साधं वरण. ज्याची त्याची डिस्ट्रो!" उदाहरण चोख आहे. फक्त हा स्वतः केलेली आमटी ओतून देऊन सांबार टाकतो आणि पानं मांडेपर्यंत त्याला वरणाची हुक्की येते.

इतकी वर्षं त्याला सोसायटीत कुणी फारसं विचारत नव्हतं. 14 ऑक्टोबर 2025ला त्याचे दिवस फिरले. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज 10चा सपोर्ट थांबवला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमच्याकडचे बरेचसे डेस्कटॉप त्या परीक्षेत नापास. वसुबारस तीन दिवसांवर आली होती, घरोघरी चकल्या पडत होत्या आणि हा पेनड्राइव्ह परजत मजल्यामजल्यावर फिरत होता. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळायची सोय होती, हे तो आपणहून सांगत नव्हता. कुणी विचारलंच तर "हो, तसं आहे म्हणा," असं पुटपुटायचा आणि विषय बदलायचा. तळमजल्यावरच्या सीएंकडे मात्र तो फिरकला नाही. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचं टोकन, या दोन गोष्टींपुढे तो आदराने मान तुकवतो.

पहिला मान सेक्रेटरींच्या डेस्कटॉपला मिळाला. आधी त्याने सगळं पेनड्राइव्हवरूनच चालू करून दाखवलं. हार्ड डिस्कला हात नाही, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज जागच्या जागी. ही सोय खरोखर सुंदर आहे आणि ती दाखवताना हा माणूसही सुंदर दिसतो. "ज्येष्ठांना स्थैर्य हवं," म्हणून डेबियन ठरलं. डिस्क पुसून टाकायच्या पर्यायावर त्याने टिचकी मारली, 'इन्स्टॉल' दाबलं, हात चोळले आणि मग विचारलं, "बॅकअप घेतलाय ना?" सेक्रेटरींच्या मुलीने आदल्या रात्रीच तो घेतला होता. ती याला लहानपणापासून ओळखते.

अर्ध्या तासात नवा संसार मांडून झाला. मग लिब्रेऑफिसमध्ये गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त उघडलं. सोसायटीचं सगळं दप्तर यूनिकोडच्या आधीच्या एका मराठी फाँटात. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. खजिनदार चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. सभेत सगळे असंच बोलत होते."

आता प्रिंटर. सेक्रेटरींना पासवर्ड टाकायला सांगितला.

"उमटत नाहीये."

"उमटतोय काका, दिसत नाही. तारेसुद्धा दिसत नाहीत, ते मुद्दामच आहे. टाका आणि एंटर मारा."

काकांनी टाकला. प्रिंटर ढिम्म. कंपनीचा ड्रायव्हर होता, पण दुसऱ्याच डिस्ट्रोसाठी आणि तोही कुठल्या तरी जुन्या आवृत्तीचा. "जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात," तो म्हणाला.

"त्यांना सोसायटीचा प्रिंटर जोडायचा नसतो," खजिनदार म्हणाले आणि जेवायला गेले.

बाराच्या सुमारास प्रिंटर खरखरला. टेस्ट पेज बाहेर आलं. तो कागद त्याने दिव्यापुढे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

तो डेस्कटॉप आता झकास चालतोय. जुनी फाइल कन्व्हर्टरने यूनिकोडमध्ये आली, पाणी न येण्याच्या नोटिशी वेळेवर छापल्या जातात, लायसनला एक पैसा लागलेला नाही. विंडोज गेलं की सोसायटी बुडेल म्हणणारे खोटे ठरले. पण हा सुखी नाही. दर रविवारी येऊन विचारतो, "काका, काही अडचण?" काका म्हणतात, "छे, उत्तम." त्याचा चेहरा पडतो. दोन मिनिटं चुळबुळ करतो, मग हळूच म्हणतो, "फेडोरा टाकून बघू या का?"

तेव्हा घरात जुना डेस्कटॉप धूळ खात असेल, तर भंगारवाल्याआधी आपल्या सोसायटीतल्या लिनक्सवाल्याला हाक मारा. तो पैसे घेत नाही, फक्त चहा पितो आणि मशीन खरोखरच पुन्हा कामाला लावतो. बॅकअप तो दारात यायच्या आधी घ्या, प्रिंटरचं मॉडेल फोनवरच सांगून ठेवा. आणि नंतर अधूनमधून एखादी किरकोळ तक्रार करत जा. आवाज बारीक येतो, घड्याळ मागे पडतं, असलं काहीही चालेल. तेवढ्यावर तो महिनाभर खूश राहतो आणि तुमचं डेबियन शाबूत राहतं.