किल्लीदार

पूर्वी प्रत्येक वाड्यात असा एक गृहस्थ असे, की ज्याच्या जानव्याला साऱ्या घराच्या किल्ल्या लटकत, आणि तरीही ऐन सणाच्या दिवशी कुलूप फोडावे लागे ते नेमके त्याच्याच कपाटाचे. वाडे गेले, गृहस्थ मात्र सुखरूप आहे. हल्ली तो हिंजवडीच्या कचेरीत प्रोग्राम लिहितो आणि विंडोजच्या पोटात डब्ल्यूएसएलच्या कृपेने उबुंटू नांदवतो.

विंडोजवर या किल्लीदाराचा तिळमात्र विश्वास नाही. ज्याच्या माजघरात आपण पोटभाडेकरू, त्याच्याच तिजोरीत दागिने ठेवण्याइतका मी खुळा नाही, असे तो टपरीवर चारचौघांत बजावतो. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या व्यवहारात पासवर्ड नामंजूर करून टोकनाची सनद मागण्यास आरंभ केला, आणि त्याच्या बाणेदारपणास बहर आला. हे टोकन म्हणजे चाळीस अक्षरांचा, अर्थाशी सुतराम संबंध नसलेला मंत्र. गिटहब तो एकदाच दाखवते, आणि हरवला म्हटले की नवा करून घ्या म्हणते. टर्मिनलात तो चिकटवताना पडद्यावर साधा ठिपकाही उमटत नाही. त्यामुळे साशंक झालेला किल्लीदार तो पुन्हा चिकटवतो, ऐंशी अक्षरांची सनद अर्थातच फेटाळली जाते, आणि २००५ साली गिट लिहितानाच लिनस टोरवाल्ड्सने याचा बंदोबस्त करावयास हवा होता, असा निवाडा तो देऊन टाकतो.

वास्तविक बंदोबस्त एका ओळीचा आहे. विंडोजवरच्या गिटबरोबर क्रेडेन्शियल मॅनेजर नावाचा एक कारभारी येतो; त्याचा पत्ता उबुंटूतल्या गिटला कळवला, की तो टोकन विंडोजच्या खजिन्यात जमा करतो आणि मागताक्षणी हजर करतो. पत्त्यातील ‘प्रोग्राम’ आणि ‘फाइल्स’ यांच्यामधल्या रिकाम्या जागेआधी एक उलटी तिरपी रेघ तेवढी द्यावी लागते. ती रेघ विसरून किल्लीदाराने एकदाच प्रयत्न केला होता, आणि तो फसला हा घरमालकाच्या कपटाचा त्याला सज्जड पुरावा वाटला. मग त्याने गिटच्या ‘कॅश’ची चाकरी पत्करून पाहिली, पण तिची स्मरणशक्ती, वेगळा हुकूम नसल्यास, ९०० सेकंदांची, म्हणजे पाव तासाची, आणि याचा एक चहा पंचवीस मिनिटांचा.

अखेर मन बसले ते ‘स्टोअर’वर. ही पद्धत टोकन घेते आणि आपल्याच गृहनिर्देशिकेतल्या एका फाइलीत जसेच्या तसे, अंगावर वस्त्र नसलेल्या अवस्थेत, लिहून ठेवते. ‘आपले घर, आपले लिनक्स, आपली पेटी!’ असे म्हणून किल्लीदार आठवडाभर प्रसन्न होता. मी (हा माझा आगाऊपणाच म्हणायचा) विंडोजचा फाइल एक्सप्लोरर उघडून त्यातल्या पेंग्विनच्या चित्रावर टिचकी मारली, दोन दालने ओलांडून त्याच्या घरात शिरलो, आणि ते टोकन नोटपॅडात त्याला मोठ्याने वाचून दाखवले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फाइल नाहीशी झाली होती, आणि त्याच्या कीबोर्डाखाली चाळीस अक्षरे लिहिलेली पिवळी चिठ्ठी होती. त्या टोकनाची मुदत येत्या सोमवारी संपते.