हळू चालण्याचं भाडं

बाभुळगावच्या माणसाला हेरिटेज म्हणवणाऱ्या आगगाडीत बसायचं असेल, तर त्याने आधी पासपोर्ट काढावा. ही थट्टा नाही. स्टँडसमोरच्या टपरीवर तीन कट चहा आणि एक पाव किलो भजी संपेपर्यंत चाललेल्या चर्चेचा हा निष्कर्ष आहे, आणि आमच्या टपरीचे निष्कर्ष जिल्हा नियोजन समितीपेक्षा लवकर निघतात.

निमित्त झालं एका व्हिडिओचं. गावातला एक पोरगा इंग्लंडात नोकरीला आहे. त्याने तिथल्या आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावरून आगगाडीचा व्हिडिओ पाठवला. काळं-हिरवं जुनं इंजिन धूर सोडतं आहे, लाकडी डब्यांत गोरे आजी-आजोबा बसले आहेत आणि गाडी कुठेही पोचायची घाई नसल्यासारखी चालली आहे. रेल्वे सगळी मिळून जेमतेम नऊ किलोमीटर. टपरीवरच्या एका निवृत्त कंडक्टर काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "अबे, हे लोकं इतक्या हळू जाऊन राहिले, तं तिकीट परत भेटते का त्याइले?"

परत मिळत नाही, उलट जास्त लागतं, हे कळल्यावर काका बराच वेळ बोलले नाहीत.

मग मार्ग काढला. बाभुळगावहून एसटीने धामणगाव. तिथून रात्रीची मुंबईची गाडी. मुंबईहून विमान. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून पोर्टस्मथ बंदर. तिथून बोट. बोट लागते राइड गावच्या लांबलचक धक्क्याला. हा धक्का १८१४ सालचा, आणि त्याच्या समुद्रातल्या टोकालाच स्टेशन आहे. तिथून बेटावरची साधी गाडी पकडायची. ही गाडी लंडनच्या भुयारी रेल्वेने वापरून झालेल्या डब्यांची केलेली असते. (वापरून झालेल्या गाड्या लांबच्या डेपोला पाठवायची पद्धत फक्त आपल्याकडे आहे, असा काकांचा नोकरीभर समज होता.) या गाडीने स्मॉलब्रूक जंक्शनला उतरायचं. इथे खरी गंमत आहे: या स्टेशनाला रस्ताच नाही. गाव नाही, फाटा नाही, ऑटो नाही. एका गाडीतून उतरायचं ते दुसऱ्या गाडीत चढण्यासाठीच. वाफेची गाडी चालू असते त्याच दिवशी हे स्टेशन चालू असतं.

"म्हणजे वाट पाहाची, दुसरा धंदाच नाई," काका म्हणाले. "हे तं आपल्यालेबी येते."

खर्चाचा हिशोब आम्ही रुपयांत केला नाही, कापसात केला. विमान, व्हिसा, बोट, राहणं-खाणं धरून माणशी दोन लाख धरले. २०२४-२५ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे साडेसव्वीस क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल उतरला तर सव्वापाच एकरांचं पीक, त्यात बियाणं, फवारणी आणि वेचाई देवाने केली असं मानून. शिवाय हमीभाव मिळाला तर. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला, की बेट आणखी दोन-तीन एकर लांब जातं.

आता ज्या कापसात हा हिशोब केला, त्याच कापसाने आम्हाला एकदा आगगाडी मिळवून दिली होती. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ला नागपूरला पोचली, पण यवतमाळला वळसा घालून. आमचा कापूस बैलगाडीने धामणगावला जायचा. मग किलिक निक्सन या कंपनीला वाटलं, बैलांवर एवढा भार बरा नव्हे. आणि यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर अशी १९० किलोमीटरची अरुंद लाईन पडली. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव. रुळांमधलं अंतर अडीच फूट. कापूस या लाईनने मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरला गेला, आणि मँचेस्टरने त्याबदल्यात आम्हाला १९२१ साली बनवलेलं एक इंजिन दिलं. ते इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! एवढी वर्षं आमच्याकडे सरकारी हातपंपही चालत नाही.

या लाईनवरची गाडी म्हणजेच शकुंतला. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाईन तेवढी राहून गेली. विसरली की वगळली, यावर विद्वानांनी भांडावं. गाडी चालवायची सरकारने, आणि रुळांचं भाडं न्यायचं कंपनीने, असा सुखाचा संसार स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं चालला.

शकुंतला ताशी वीस किलोमीटरने जायची. थांबत-थांबत अख्ख्या लाईनला वीस तास लागायचे. सिग्नल इंग्लंडात ओतलेले. सात माणसं सगळं करायची: तिकीट विकायचं, इंजिन जोडायचं, सिग्नल पाडायचा, झेंडी दाखवायची. आम्ही याला काय म्हणायचो? मागासलेपणा. लग्नाची बोलणी चालू असताना पाहुणे शकुंतलेने आले, तर मुलीकडचे आपोआप हुंड्याचा आकडा खाली आणायचे. वर्तमानपत्रं अनुशेषाच्या अग्रलेखात हिचा फोटो छापायची. आमदार विधानसभेत हिच्या वेगावर बोलायचे आणि स्वतः जीपने जायचे.

आता तिकडचं पाहा. इंग्लंडातल्या हेरिटेज गाड्यांना ताशी पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटरची मर्यादा असते. या मापाने शकुंतला त्यांच्या दुप्पट हेरिटेज होती. आइल ऑफ वाइटवरची वाफेची शेवटची गाडी ३१ डिसेंबर १९६६ला सुटली. नंतर तिथल्या काही लोकांनी वर्गणी काढून १८९१ सालचं एक इंजिन आणि जुने डबे घेतले, आणि १९७१ला ते हेवनस्ट्रीटच्या स्टेशनात आणून उभे केले. काही डबे तर लोकांनी सुट्टीची घरं म्हणून वापरलेले होते. ते शोधून, पडदे-चुली काढून, परत चाकांवर चढवले. आज तिकीट विकणारे, झेंडी दाखवणारे बरेचसे लोक बिनपगारी आहेत. एक माणूस चार कामं करतो. फरक एवढाच, की त्यांच्याकडे याला सेवाभाव म्हणतात आणि आमच्याकडे पदभरती रखडणं.

काकांनी याचं सार वऱ्हाडीत सांगितलं: "थे हळू चालते तं शौक, आपण हळू चाललो तं आळस."

टपरीवर एक गुरुजी असतात. त्यांना स्वस्त उपाय सापडला. म्हणाले, बेट आपल्याच राज्यात आहे, घारापुरी. गेटवेपासून बोटीने तासाभरावर. १९८७ पासून जागतिक वारसा. आणि धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडीसुद्धा आहे! बेट, वारसा, रेल्वे, तिन्ही एका जागी. फक्त ती गाडी लेण्यांपुढे इतकी लहान आहे की त्रिमूर्तीने तिन्ही तोंडांनी पाहिलं तरी दिसणार नाही. बेटावर समुद्राखालून वीज आली २०१८ला, तेव्हा तिला वारसा म्हणायला अजून थोडा अवकाश द्यावा. आणि सोमवारी लेणी बंद असतात. धामणगावहून शनिवारी रात्री निघालेला माणूस रविवारी मुंबईत नातेवाइकांकडे जेवल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे तो पोचणार सोमवारीच.

माथेरानही निघालं. नेरळहून एकवीस किलोमीटर, १९०७ सालची आदमजी पीरभॉय यांची लाईन. पाणी नसलं तरी बेटच ते, मोटार वर नेता येत नाही. पावसात गाडी बंद, दरड पडली की वर्षानुवर्षं बंद. पण तिथे निदान बंद पडल्यावर लोक ओरडतात, कारण ओरडणारे मुंबईचे असतात.

आमची शकुंतला बंद पडली तेव्हा कोणी ओरडलं नाही असं नाही. निवेदनं गेली, समित्या झाल्या. २०१६ला रेल्वेमंत्र्यांनी ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींची घोषणा केली. त्यानंतर गाडी हळू चालायची ती थांबली, एवढी एकच प्रगती आम्हाला डोळ्यांनी दिसली. म्हणजे आइल ऑफ वाइटला जायचं तर साडेसव्वीस क्विंटल कापूस लागतो, आणि स्वतःच्या जिल्ह्यातल्या गाडीत बसायचं तर दीड हजार कोटी. महाग कोणतं ते वाचकांनी ठरवावं.

वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी लाईनही येते आहे. २०२४च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली. कळंबला चिंतामणी आहे, त्यामुळे पुढची चिंता तिथेच सोडून द्यायची सोय झाली.

म्हणून एक प्रस्ताव. आमच्या तालुक्यात बेंबळा प्रकल्प आहे. पाणी भरपूर. धरणात गावं बुडवून माणसं दुसरीकडे बसवण्याचा अनुभव खात्याकडे आहेच. त्या मानाने पाण्याच्या मधोमध भराव टाकून एक बेट करणं म्हणजे काहीच नाही. बेटावर शकुंतलेचे दोन डबे आणि नऊ किलोमीटर नाही, नव्वद मीटर रूळ टाकावेत. पुलाची मागणी कोणी करू नये; पोचणं अवघड आणि महाग असल्याशिवाय वारसा म्हणून मान्यता मिळत नाही, हे वर सिद्ध झालंच आहे. होडीचं भाडं विमानाच्या बरोबरीने ठेवावं. इंग्लंडातून येणाऱ्या पाहुण्यांना यवतमाळपासून पुढे एसटीने आणावं, म्हणजे वेगाची सवय होईल.

गाडीसाठी सात माणसं लागतील. पगार मिळणार नाही. इच्छुकांनी टपरीवर काकांकडे नाव द्यावं. कृषिपंपाच्या जोडणीसाठी पाच वर्षांहून अधिक वाट पाहिलेल्यांना प्राधान्य.