शांतता समितीचा समोसा

गणपती आणि ईद-ए-मिलाद एकाच आठवड्यात आले की आमच्या पोलीस ठाण्याला माझी आठवण येते. शांतता समितीत मी 'विचारवंत' या जागेवर आहे. कामाला विचार लागत नाही, फक्त पांढरा शर्ट लागतो.

बैठक चारची होती, साहेब सव्वापाचला आले. बॅनर गेल्या वर्षीचाच, सालावर कागद चिकटवलेला. फोटोला एक टोपी, एक पगडी, एक गंध आणि एक क्रूस हवा. फादर आले नव्हते, म्हणून हवालदार धावत जाऊन नाक्यावरच्या बेकरीवाल्याला घेऊन आला. त्याच्या हाताला अजून पीठ होतं.

साहेबांनी दरवर्षीप्रमाणे माहीमच्या मखदूम बाबांच्या उरुसाला पहिली चादर पोलिसांची असते, हे सांगितलं. मग 2023. त्या साली अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आल्या आणि मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस आपणहून दुसऱ्या दिवसावर नेला. साहेबांच्या भाषणात ही चोख बंदोबस्ताची कमाल झाली. टाळ्या समितीतल्या चाचांनीही वाजवल्या.

मग चाचा उठले. "साब, मशिदीमागच्या गल्लीतला दिवा..."

"ते महापालिकेचं, चाचा. समोसा घ्या."

हा दिवा मी समितीत आलो तेव्हापासून बंद आहे.

माझा विचारवंतपणा नको तिथे उफाळला. म्हटलं, भिवंडीत 1970 आणि 1984 च्या दंगली झाल्यावर 1988 मध्ये उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या. दोन्ही धर्मांची माणसं आणि साधे पोलीस शिपाई एकत्र बसायचे, तेही सण नसताना. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. तर आपणही एखादी बैठक फेब्रुवारीत...

"फेब्रुवारीत कुठला सण असतो?" साहेबांनी गोपनीय शाखेच्या माणसाला विचारलं. त्याने वहीत पाहिलं. "शिवजयंती, सर."

"मग घेऊ की! बंदोबस्ताची बैठक असतेच."

एव्हाना समोसे संपले होते.

रात्री दहाला तोच हवालदार दारात. सकाळपासून उभ्यावर होता, पाणी मागितलं. घरचा गणपती दीड दिवसाचाच ठेवतो म्हणाला, पुढे सुट्टी मिळत नाही. पाणी पिऊन त्याने कागद काढला. फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कलम 149 ची नोटीस, आता नव्या कायद्यात कलम 168. आपल्याकडून शांतता भंग झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.

"अहो, मी शांतता समितीत आहे!"

"म्हणून तर, सर. यादी तीच आहे. चाचांची सही झाली, बेकरीवाल्याचीही घेतली. त्याचं नाव यंदाच आलंय."

मी सही केली. एक प्रत माझ्या हातात देत तो म्हणाला, "फोटो ग्रुपवर टाकलाय, बघा. साहेबांच्या डाव्या हाताला तुम्हीच आहात."