शेरमनकाका

लेकीकडे अमेरिका बघून आलेले सासरे आमच्या कॉलनीत पुष्कळ. वीज केंद्रातून, पेपर मिलमधून नाहीतर वेकोलितून निवृत्त व्हायचं, नातवंडाच्या निमित्तानं कॅलिफोर्निया गाठायचं आणि परतल्यावर वर्षभर बोलत राहायचं, हा चंद्रपूरचा शिरस्ताच झाला आहे. बहुतेक जण तिथल्या रस्त्यांवर बोलतात, काही दुधाच्या चवीवर. काका झाडांवर बोलतात. जावयानं त्यांना सिक्वोया नॅशनल पार्कात लॉजपोलच्या कॅम्पग्राउंडवर तंबूत झोपवलं आणि जनरल शेरमन नावाचं झाड दाखवलं, तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले. उंची २७५ फूट, जमिनीलगत बुंध्याचा घेर १०२ फूट, वय दोन हजारांच्या पुढे. कॉलनीतल्या पोरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. ‘जगात सगळ्यात मोठं, पण घनफळानं; उंचीनं नव्हे हं!’ ही दुरुस्तीही काका स्वतःच करतात. दुसऱ्यानं कोणी करायची सोय ठेवलेली नाही.

कुणाच्या दारातला वड दाखवला तर काका मान तिरपी करून ‘बरा आहे’ म्हणतात. गणपतीत रात्री दहाच्या ठोक्याला मंडपात येऊन ‘क्वायट अवर्स, दहा ते सहा’ असं जाहीर करतात. पोरांनी एकदा त्यांच्या हातात आरतीचं ताट दिलं, तेव्हा साडेदहापर्यंत मुदतवाढ मिळाली. ताडोबा तर घरापासून तासाभरावर. १९५५ सालचं, राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथं जिप्सीतले सगळे श्वास रोखून वाघिणीकडे बघत असताना काका पाठ फिरवून ऐनाची साल न्याहाळत होते. ‘वाघ काय, सगळेच दाखवतात,’ असं त्यांचं म्हणणं. वाघिणीनंही त्यांची फारशी दखल घेतली नाही.

मग कुणीतरी त्यांच्या कानावर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ घातलं. गडचिरोली जिल्ह्यातला सहा हेक्टरांचा जुना सागवानी तुकडा. २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेला. काकांचे वडील बल्लारपूरच्या लाकूड डेपोत कारकून होते. घरचा पलंग, देव्हारा, पाट, सगळं सागाचं. पण उभा, म्हातारा साग बघायला काका कधी गेले नव्हते. आता म्हणाले, ‘जायचं. तंबू घेऊन.’

या जंगलात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, आधी वनखातं आणि मग पोलीस ठाणं, हे सांगून पाहिलं. शेवटी विश्रामगृहाच्या अंगणात तंबू लावायचा, असं ठरलं. अंगण तर अंगण, पण नियम लॉजपोलचे. तिथं अस्वलं गाडीच्या काचा फोडून खाणं पळवतात, म्हणून जेवण, साबण, टूथपेस्ट, वास येईल ते सगळं लोखंडी पेटीत ठेवावं लागतं. काकांनी गंज वॉर्डातल्या वेल्डरकडून तशी पेटी करून घेतली. कडीवर पत्र्याचं टोपण, त्याच्या आत खटका. अस्वलाचा पंजा आत शिरू नये अशी योजना. काकूंनी केलेली सांभारवडी, चटणी, दशम्या, खोबरेल तेल, दंतमंजन असं सगळं त्यात गेलं.

वनरक्षकानं पेटीभोवती एक फेरी मारली. ‘साहेब, आपलं अस्वल डबे नाई फोडत. थे मोहाले येते, नाईतर उधईच्या वारुळाले.’

‘म्हणजे धोका नाही?’

‘डबे नाई फोडत म्हनलं. डोकं फोडते.’

काका त्यानंतर वनरक्षकाच्या दोन पावलं मागून चालू लागले.

सागाखाली पोचल्यावर मात्र काकांनी काकूंचा शिवणाचा टेप काढला. दीडशे सेंटिमीटरचा टेप बुंध्याच्या एका अंगावरून निघाला आणि पलीकडे न पोचताच संपला. काकांनी वर पाहिलं, टोपी सावरली, पुन्हा वर पाहिलं. आम्ही ‘बरा आहे’ची वाट बघत होतो.

‘इकडलंच सागवान अयोध्येले गेलं, मंदिराच्या दरवाज्यांले,’ वनरक्षक म्हणाला.

काका जरा घुटमळले. मग, चोरीचा माल परत करावा तसे हळूच म्हणाले, ‘शेरमनच्या जातीचं लाकूड ठिसूळ असतं. पाडलं की तुकडे. त्याचे कुंपणाचे खांब करायचे, आगकाड्या करायच्या.’ ही माहिती त्यांना पहिल्या दिवसापासून होती. कॉलनीला इतकी वर्षं तिचा पत्ता लागू दिला नव्हता.

रात्री पेटी उघडेना. टोपणात काकांची बोटं शिरत नव्हती, काकूंची शिरत होती पण खटका सरकत नव्हता. उणे सात अंशांची हमी असलेल्या झोपण्याच्या पिशवीत काका घामाघूम, बाहेर आम्ही उपाशी, आणि आत सांभारवडी अस्वलांपासून संपूर्ण सुरक्षित. अखेर चौकीदारानं सब्बल आणली. पहिल्या दणक्यात टोपण, दुसऱ्यात कडी. ‘अस्वलाले एवढा टाइम नसता लागला,’ असं म्हणून त्यानं एक वडी उचलली. काकांनी त्याला दुसरी दिली.

सध्या काका पुन्हा लेकीकडे आहेत. परवा काकूंचा मेसेज आला: ‘शेरमनपुढे उभे आहोत. हे रेंजरबाईंना आलापल्लीचा साग समजावून सांगत आहेत. मोबाइलवर आपला देव्हारा दाखवून झाला, आता पाट चालू आहेत. मागे फोटोसाठी रांग लागली आहे. “बरं आहे” असं म्हणाले आत्ताच, शेरमनला.’