वीतभर डबा आणि जावयाची बोटं

शिरूरला रेल्वे नाही. घोडनदी आहे, पुणे-नगर रस्ता आहे, त्यावर दिवसरात्र गुरगुरणारे ट्रक आहेत; पण आगगाडी बघायची म्हटलं की न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंड गाठावं लागतं. माझी सासुरवाडी दौंडची. बघायला गेलो तेव्हा मी मुलीपेक्षा जंक्शन जास्त निरखलं, असा आमच्या हिचा आजही आरोप आहे. मी उत्तर देत नाही, कारण त्या दिवशी खरोखरच पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडत होते, मी पुलावर उभा होतो, आणि इकडे कांदेपोहे गार झाले होते.

त्यात कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. 1998 साली सुरू झालेलं हे संग्रहालय पाहून शहाणा माणूस मुलांना आइस्क्रीम देतो आणि घरी जातो. मी भाच्याला परदेशातून गाडी आणायला सांगितली.

गाडी आली एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या 87 व्या हिश्श्याची. आपला 21 मीटरचा डबा या हिशोबात 24 सेंटिमीटरचा होतो आणि दारातला दांडा सुईएवढा. या वीतभर डब्याच्या छताकडेची एक रुपेरी पट्टी, खऱ्या डब्यावर पावसाचं पाणी अडवते ती, एका बाजूने सुटून हवेत डोलू लागली. तिला हात लावू नका, असं ही म्हणाली. पट्टी तेव्हा एकाच टोकाला सुटली होती. मी हात लावल्यावर दोन्ही टोकं समान झाली.

बाजारपेठेतल्या दुकानात गेलो आणि प्लास्टिक चिकटवायला सगळ्यात जबरदस्त गोंद मागितला.

“बादली की चप्पल?” दुकानदार.

“रेल्वेचा डबा.”

“मग दौंडला जा ना!”

शेवटी त्याने चपलांचा पिवळा गोंद काढला. त्यात टोल्यूइन असतं, ते मऊ पॉलिस्टायरीन खातं, एवढं मी वाचून ठेवलं होतं, म्हणून मोठ्या ऐटीत तो परत केला आणि त्याहून घातक वस्तू घेऊन घरी आलो: क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची ती इवलीशी नळी. या गोंदाचा इतिहास मला आधी कळता तर बरं झालं असतं. 1942 साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती लागला, पण जिथे लागेल तिथे चिकटून बसायला लागला. कूव्हरसाहेबांनी वैतागून त्याचा नाद सोडला. मी धरला.

टोपण टोचलं, नळी दाबली, थेंब आला नाही, म्हणून जरा जोरात दाबली, तर एकदम पाच-सात थेंब आले, त्यातले दोन डब्यावर, एक लुंगीवर आणि उरलेले अंगठा नि तर्जनीच्या मध्ये, अशा बेताने की दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा शेजारच्या काकूंनी “प्रवचन सुरू केलंत का?” म्हणून विचारलं. साबणाच्या कोमट पाण्यात बराच वेळ हात बुडवून बोटं सुटली. डब्यावर धूळ बसू नये म्हणून तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि शांत झोपलो.

सकाळी झाकण काढलं तर खिडक्यांवर पांढरं धुकं. या गोंदाची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन जवळच्या वस्तूंवर बसते, आणि बोटांचे ठसे असतील तिथे आधी बसते. गुन्ह्याच्या जागच्या वस्तू बंद पेटीत ठेवून पोलीस याच वाफेने ठसे उठवतात. माझ्या डब्याच्या प्रत्येक खिडकीत एकेक प्रवासी बसावा तसा माझा अंगठा उमटला होता. आता हे पुसायचं कशाने? हिच्या कपाटात नेलपॉलिश काढायचं पाणी होतं. त्यात अॅसिटोन असतं. अॅसिटोनने धुकं गेलं.

खिडकीही गेली.

मग डबा रुमालात बांधून दौंड. सासरे कॅरेज-वॅगनमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य खऱ्या डब्यांखाली गेलेलं. मामांनी चष्मा लावला, ठसे पाहिले आणि म्हणाले, “जावईबापू, आरोपी सापडला.” मग विचारलं, “या पट्टीवर भार किती येतो?”

“काहीच नाही.”

“मग पूल जोडायचा गोंद कशाला?”

नातवाच्या दप्तरातून त्यांनी फेव्हिकॉल काढला. शाळेतला, पांढरा, पाण्याने पातळ होणारा. तो प्लास्टिकला धड धरत नाही, असं मी सांगून पाहिलं. “पट्टी धरण्यापुरता धरतो,” मामा म्हणाले. “वाळला की दिसत नाही, वाफ सोडत नाही, प्लास्टिक खात नाही. आणि चुकलं तर कोमट पाण्याने सुटतो. तुमच्यासाठी हे शेवटचं महत्त्वाचं.” त्यांनी दोन्ही बाजू साबणाच्या पाण्याने पुसून वाळवल्या, अगरबत्तीच्या काडीच्या टोकाने डब्याच्या बुडाला, कुणाला दिसणार नाही तिथे, आधी एक टिपका लावून पाहिला, मग काडी माझ्या हातात दिली. माझा हात थरथरला, पण टिपके सरळ रेषेत पडले. पट्टी बसवली, कागदी चिकटपट्टीने बांधली आणि रात्रभर हात लावला नाही, कारण ही उशाशी राखण करत होती.

सकाळी चिकटपट्टी काढली. पट्टी घट्ट. मी डबा उचलून मामांपुढे धरला. त्यांनी तो खिडकीशी नेला, एकदा वरून पाहिला, एकदा खालून.

“उलटी लावलीत. पन्हळ खाली आली. पावसात अख्खा डबा भिजणार.” आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, “पोरी, कोमट पाणी दे गं.”

“चहाचं आधण ठेवलंय, त्यातलं चालेल?”

“चालेल. पण आधी यांचे हात बांध.”