पहिल्यांदा जकुझी घेणाऱ्यांसाठी: भाव कसा करावा

कोथिंबिरीची जुडी फुकट मागताना न लाजणारा पनवेलकर जकुझीच्या शोरूममध्ये शिरला की ‘चपला बाहेर काढू का?’ असं विचारतो. सौदा तिथेच हातचा जातो. तेव्हा आत शिरताना चेहरा असा ठेवा, की घरचा नळ गळतोय आणि तुम्हाला फक्त वॉशर हवाय.

आधी काय घ्यायचंय ते ठरवा. बाथरूममधला फवाऱ्यांचा टब म्हणजे भरा, डुंबा, बूच काढा. नेऱ्याच्या फार्महाऊसवर अंगणात मांडतात तो वेगळा. त्याला हीटर आणि फिल्टर असतो, नि पाणी आठवडेच्या आठवडे तेच राहतं. दुकानात भाव पहिल्याचा सांगून फोटो दुसऱ्याचा दाखवला जाऊ शकतो.

‘इटालियन टेक्नॉलॉजी आहे साहेब’ हे वाक्य येणारच. दबू नका. जकुझी हे आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेले या आडनावाचे भाऊ आधी विमानांचे पंखे आणि मग शेतीच्या विहिरींचे पंप बनवत. घरातल्या एका मुलाला संधिवात होता, म्हणून 1950 च्या दशकात त्यांनी टबात सोडायचा पंप काढला. थोडक्यात, तुम्ही मोटर विकत घेताय, आणि मोटरीचा भाव करायला पनवेल तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. एचपी किती? वायंडिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं? जळली तर इथे रिवाइंडिंग होईल की कंपनीत पाठवायची? तिन्ही प्रश्न एका दमात विचारा. सेल्समनने आतल्या शेठला हाक मारली, की समजा गाडी रुळावर आली.

शेठ बाहेर आले की हिशोब मोठ्याने करा. अंगणातल्या टबाचं 1500 लिटर पाणी 25 अंशांवरून 38 वर न्यायला साधारण 23 युनिट वीज लागते. हीटर 3 किलोवॉटचा असेल तर साडेसात-आठ तास. म्हणजे शनिवारी संध्याकाळी डुंबायचं तर सकाळच्या चहाबरोबर बटण दाबायचं, आणि मध्ये लाईट जाता कामा नये. एवढं ऐकवून झाकण फुकट मागा. जाड, इन्सुलेशनचं. ताडपत्री दिली तर परत करा.

गच्चीवर ठेवणार असाल तर शेठ ‘काही होत नाही’ म्हणतील. दीड टन पाणी, वर मेहुणे. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचा भार धरून बांधतात. इथे भाव करायचा नसतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी द्यायची असते.

खरेदी मे महिन्यातच करा. देहरंग धरणाने तळ गाठलेला, सोसायटीच्या गेटवर टँकरची वाट बघणं चालू, आणि घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. अशा दिवसांत गरम पाण्यात बसायची हौस असलेलं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराला देवच भेटल्यासारखं. डिसेंबरात हाच माणूस तुमच्याकडे बघणारही नाही.

‘तुमचं बजेट काय?’ याला ‘नुसतं बघायला आलोय’ एवढंच उत्तर. आकडा आधी त्यांचा येऊ द्या. छापील किमतीवर 40 टक्के सूट ऐकून हुरळू नका, छापणारे तेच असतात. प्लंबरला सोबत नेऊ नका, त्याचं दुकानाशी आधीच ठरलेलं असू शकतं. बायकोला मात्र न्या. घासाघीस अडली की तिने पर्स उचलून फक्त म्हणायचं, ‘अहो, त्यापेक्षा पालीला जाताना उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून येऊ. तिथे ना हीटर ना बिल.’ यावर शेठकडे उत्तर नसतं. ते कॅल्क्युलेटर काढतात. तो काढला की गप्प राहा, मध्ये बोललात तर आकडा थांबेल.

ठरलेलं सगळं कोटेशनवर लिहून घ्या: जीएसटी धरून की सोडून, फिटिंग, अर्थिंग, शॉक बसू नये म्हणून आरसीसीबी, आणि वाहतूक. ‘डिलिव्हरी फ्री’ म्हणजे गेटपर्यंत फ्री. जुन्या पनवेलच्या गल्लीत जिन्यातून टब वळत नाही, मग हायड्रा क्रेन बोलवावी लागते. तिचे पैसे कोण देणार, हेही आधीच लिहून घ्या. राहून गेलंच, तर टब दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत असताना हायड्रावाला जो आकडा सांगेल, तोच वाजवी भाव समजावा.