चित्रफितींचे दफ्तर

लग्नकार्य आटोपले, मांडव उतरला, आहेराची याद मिटली आणि पाहुणेमंडळी स्वस्थानी मार्गस्थ झाली, म्हणजे गृहस्थाच्या मागे जे खरे शुक्लकाष्ठ लागते ते कॅमेऱ्यातील चित्रफिती संगणकावर उतरवून घेण्याचे होय. कॅमेरा हा जातीचा कारकून. वधू कोण, विहीण कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ‘डीसीआयएम’ नामक कचेरीत १०० पासून ९९९ पर्यंत क्रमांकांची दालने उघडावीत, प्रत्येक प्रसंगाला चार आकडी बिल्ला लावावा आणि ९९९९ भरले की निर्विकारपणे पुन्हा ०००१ पासून प्रारंभ करावा, एवढाच त्याचा शिरस्ता. त्यातही कार्डाची मांडणी फॅट३२ पद्धतीची असेल, तर एका फायलीत ४ जीबीहून अधिक मजकूर मावत नाही. परिणामी आमच्या पुतणीच्या लग्नात भटजींचे ‘शुभमंगल’ एका फितीत आणि ‘सावधान’ दुसरीत जाऊन पडले. शिवाय बरेच महिने बॅटरीवाचून राहिलेला कॅमेरा आपली तारीखच विसरून बसला असल्याने, वैशाखातील हे शुभकार्य वधूवरांची ओळख होण्याच्याही कित्येक वर्षे आधी, १ जानेवारीस निर्विघ्न पार पडल्याचे दप्तरी दाखल आहे.

वर्गवारीचे काम, हयात मामलेदार कचेरीत घालवलेल्या आमच्या दाजींनी स्वखुशीने अंगावर घेतले. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि एक आकडी महिन्यापुढे शून्य, ही त्यांची पहिली ताकीद. आणि ती सर्वथा रास्त होती, कारण संगणक नावे डावीकडून जुळवीत जातो, आणि दिवस आधी लिहिला की साऱ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एका पंगतीला बसतात. दुसरी ताकीद मात्र निवड करण्याची. पेशवे दफ्तरातील असंख्य रुमालांतून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तर एका लग्नाच्या फितींतून पाऊण तासाचा ऐवज का निघू नये, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. परंतु रियासतकारांना आमच्या आत्याबाईंची संमती घ्यावयाची नव्हती! जिच्यात आपली पैठणी दिसते अशी कोणतीही फीत रद्द होऊ द्यावयाची नाही, हा त्यांचा बाणा, आणि आत्याबाई तर मांडवात सर्वत्र होत्या.

एकाच फितीविषयी घरात एकमत झाले. कोणीतरी कॅमेरा चालूच ठेवून पिशवीत टाकला होता. तीत चित्र म्हणून निव्वळ काळोख, परंतु व्याह्यांच्या पाहुणचारावर आत्याबाई आणि काकू यांचे सविस्तर मतप्रदर्शन स्वच्छ ऐकू येते. दाजींनी तिच्यावर ‘गोपनीय’ असा शेरा मारला, आणि ती सर्वांनी वारंवार ऐकली.

म्हणून वाचकांस सूचना एवढीच, की संगणकावर उतरवलेली प्रत्येक फीत उघडून, चालवून पाहिल्याखेरीज कार्ड कदापि कोरे करू नये. आणि चालविण्यापूर्वी व्याही घरात नाहीत याची खातरजमा करावी.